मनीच्या गुडघ्यांविषयी

मंचर, आषाढ

चि. ताईस,


मनी आता कणगीवर चढत नाही, हात लावला की फिसकारते, "म्हातारी झाली, चालायचंच" असं तू लिहिलंस. ते मला पटलं नाही. म्हातारपण हा काही आजार नव्हे; मला तर हे सांध्यांचं दुखणं वाटतं. मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, बहुधा लंगडतही नाही. नुसतं करायचं सोडून देतं. कंबर वळेना की पाठ चाटायची राहते आणि केसांच्या गुठळ्या होतात. खांबाला नखं घासायची बंद झाली की ती वाढून गोणपाटात अडकतात. तेवढं बघ. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यातल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज निघाली होती. मनी तर चौदाची.

अक्काला आधी एक सांग. स्वतःच्या गुडघ्यांना ती लसणाचं तेल चोळते, ते मनीला मुळीच लावायचं नाही. मनी अंग चाटणार, आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बामही नको. आशाताईंनी दिलेली पॅरासिटामॉल तर नकोच नको. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही; अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मेलॉक्सिकॅम हे औषध मांजरांना चालतं. गिधाडं मरू लागली म्हणून २००६ साली गुरांचं डायक्लोफिनॅक बंद झालं, तेव्हा त्याच्या जागी आलेलं हेच. पण चार किलोच्या मांजराला रोजचं लागतं जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. माणसांची साडेसातची एक गोळी म्हणजे तिची महिन्याहून जास्त दिवसांची बेगमी! म्हणून घरात गोळीचे तुकडे करत बसू नकोस. शिवाय म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. रक्त तपासून डॉक्टरांनी मोजून दिलं तरच द्यायचं, आणि जेवण सोडलं किंवा उलटी झाली की त्याच दिवशी थांबवायचं.

खरा आराम मात्र घरातच मिळेल. तुमच्या आहुप्याच्या पावसात सारवलेली जमीन दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. चुलीपासून हातभर लांब एक फळी टाक, तिच्यावर गोणपाटाची दुहेरी घडी. कणगीशी पाट आणि पालथा डबा मांडलास की दोन पायऱ्या होतील. उंदरांवर नजर ठेवायचा तिचा मान तिच्याकडेच राहू दे. बाहेर चिखलात जायला लावू नकोस, एका बाजूने काठ कापलेल्या घमेल्यात कोरडी माती ठेव. अंगाने सुटली असेल तर भात कमी कर.

उघडीप मिळाली की डालग्यात घालून घोडेगावला दाखवायला ने. त्याआधी ती चढता-उतरतानाचा व्हिडिओ फोनवर काढ. दवाखान्याच्या टेबलावर मांजर भीतीने आखडून बसतं, डॉक्टरांना काहीच दिसत नाही. तो व्हिडिओ मलाही पाठव.

तुझा
मामा