अचानक धडधड? ती चालू असतानाच ईसीजी काढा

बसल्या जागी छातीत एकदम धडधड सुरू होते, नाडी मोजता येत नाही इतकी पळते आणि काही वेळाने जशी आली तशी थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतं. स्त्रियांच्या वाट्याला हे जास्त येतं. पण या त्रासाचं मूळ हृदयाच्या विद्युतमार्गात असू शकतं.

ठोक्याचा विद्युतसंदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत एव्ही नोडमधून उतरतो. काहींच्या एव्ही नोडपाशी दोन वाटा असतात. जलद वाटेला एकदा संदेश नेल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. एखादा ठोका वेळेआधी पडला, तर ती वाट बंद असते. मग संदेश संथ वाटेने उतरतो. तोवर जलद वाट मोकळी झालेली असते आणि संदेश तिच्यातून पुन्हा वर चढतो. ही फेरी सुरू राहिली, की ठोके मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात. काहींच्या हृदयात जन्मतःच दोन कप्प्यांना जोडणारा स्नायूचा जादा धागा असतो. १९३० मध्ये वर्णिलेला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम तो हाच.

डॉक्टरांनी निदान करून शिकवलं असेल, तर धडधड सुरू होताच अर्धवट रेलून बसा आणि बंद तोंडाने १५ सेकंद जोर लावा. लगेच आडवे व्हा. दुसऱ्या कुणीतरी तुमचे पाय १५ सेकंद उचलून धरावेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांची लय पूर्ववत झाली. नुसत्या जोर लावण्याने १७ जणांची. मानेची नस मात्र घरी चोळू नका.

धडधड थांबली नाही, तर रुग्णालय गाठा; तिथे अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन देतात. छातीत दुखलं, धाप लागली किंवा भोवळ आली, तर थेट १०८ ला फोन करा. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. जादा धागा असलेल्या काही रुग्णांना व्हेरापामिलसारखं औषध घातक ठरतं.

त्रास वारंवार होत असेल, तर अ‍ॅब्लेशनबद्दल विचारा. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन दोषी वाट उष्णतेने बंद करतात. एव्ही नोडच्या दुहेरी वाटेत शंभरातले पंचाण्णवाहून अधिक रुग्ण यामुळे बरे होतात. पेसमेकर लागण्याचा धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो.

पुढच्या वेळी धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. निदान त्यावरच होतं.