ओहोळाच्या खालची माणसे

मासे धरायची एक जुनी रीत साखरशेतकडे आपल्याला ठाऊक आहे. गेळफळे ठेचून ओहोळात कालवली, की मासे गुंगून वर येतात. ज्याला ही विद्या येते, त्याने आधी खालच्या अंगाला सांगून यायचे, "बाबांनो, आज गुरं पाण्यावर आणू नका." न सांगता फळे कालवली आणि कुणाचे गुरू दगावले, तर दोष फळाचा नव्हे.

शास्त्रज्ञांनाही हाच नियम लागतो. कसा, ते पाहू.

अणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक कण. युरेनियम नावाच्या धातूचा अणू फोडता येतो, हे १९३८ साली जर्मनीत कळले. एक फुटला की त्याने दुसरा फुटतो, दुसऱ्याने आणखी; वणव्यासारखे. यातून बाँब होईल, हे लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ओळखले. हे छापू नका, असे त्याने सोबत्यांना विनवले. पॅरिसच्या मंडळींनी १९३९ साली छापलेच. विद्या काही मडक्यात झाकून राहत नाही! मग हिटलर आधी बाँब करील, या भीतीने झिलार्डनेच अमेरिकेला सावध केले. तिथे बाँबचे काम सुरू झाले.

१९४५ च्या मे महिन्यात जर्मनी हरली. आता हा बाँब कुणावर? जुलैत झिलार्डने राष्ट्राध्यक्षांना अर्ज लिहिला, की जपानला आधी अटी सांगा, शरण यायची संधी द्या. सत्तर जणांनी सह्या केल्या. अर्ज राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलाच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळाले. झिलार्डला उशीर झाला, असे आम्हांला वाटते. पण तो गप्प बसला नाही.

याच विद्येने वीजही होते. अणूच्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचे. आपल्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी तारापूरला, १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. मात्र वापरून झालेले युरेनियम हजारो वर्षे घातक राहते. ते सांभाळावे लागते.

अणुशक्तीचे काम उभे केले होमी भाभांनी. मुंबईत त्यांच्याच संस्थेत गोव्याचे दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. ते उघड म्हणत, की अणुवीज महाग आणि धोक्याची. आपल्याकडे ऊन मुबलक आहे, ते वापरा. देशाला वीज हवी, हे दोघांनाही मान्य होते. पण वरिष्ठांच्या कामाविरुद्ध असे बोलायला छाती लागते. १९६२ साली संस्थेने कोसंबींचा करार वाढवला नाही. ते पुढेही बोलत, लिहीत राहिले.

भाभा आणि कोसंबी दोघेही १९६६ साली वारले. तारापूरची वीज दोघांनीही पाहिली नाही.