वर्गणी पोरांच्या हाताला लागू दे

गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा तू अध्यक्ष झालास, म्हणून सांगतो. कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. बाहेरून आलेल्या पैशावर लक्ष ठेवणं हेही त्याच कायद्याने तुमच्यावर टाकलेलं काम आहे. तेव्हा वर्गणी मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

वेळ मात्र सांभाळ. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली किती घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, तुला ठाऊक आहे. टोळ्या गेल्यावर फिरलास तर दारात म्हातारी माणसंच भेटतील. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला गाव शाळेत असतं, तेव्हा माग. आणि कुणाकडे उचल आली म्हणून त्याच्यासमोर पावतीपुस्तक धरू नकोस, ते कर्ज आहे. त्या घराकडून दोन दिवसांचं श्रमदान घे आणि यादीत त्याचं नाव रोख देणाऱ्याच्या शेजारीच लिही.

मागायचं कसं, ते आपल्या हरिनाम सप्ताहाकडून शिक. तिथे कुणी पंगत घेतं, कुणी तेलाचा डबा देतं, कुणी मंडपाचं भाडं भरतं. नुसतं ‘शाळेला द्या’ म्हटलं की माणूस नोट काढून मोकळा होतो. ‘सातवीच्या पोरांना मल्टिमीटर पाहिजे’ म्हटलं की विचारतो, ते काय असतं? तिथून तो शाळेत यायला लागतो.

देणगीदाराला बहुतेकदा कमान बांधायची असते, रंग द्यायचा असतो. त्याचा अवमान करू नकोस, पण आधी पाना, करवत, सोल्डरिंग गन यांची यादी पुढे ठेव. सोल्डरची तार, बी-बियाणं, स्क्रू, सेल या संपणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी थोडे पैसे राखून ठेव. त्यासाठी कुणीच देत नाही आणि तेवढ्यावाचून हत्यारांची सगळी पेटी कुलपात जाते. वर्षअखेरीला साहित्य नवंकोरं दिसलं तर समज, शिक्षकाला मोडतोडीची धास्ती आहे. म्हणून पहिल्याच सभेत ठराव घे: शिकताना मोडलं तर भरपाई कुणाकडूनही घ्यायची नाही.

सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकू द्या, असं २०२० च्या शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. गावातला सुतार, मोटार भरणारा, गवंडी यांना बोलव. पण त्यांची रोजी बुडते, ती वर्गणीतून दे. हातावर पोट असलेल्याकडून फुकट शिकवून घेणं मला कधीच पटलं नाही.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथली रीत मला फार मोलाची वाटते. मुलं शेती, वर्कशॉप, ऊर्जा, गृह-आरोग्य यांची कामं करत शिकतात आणि ती कामं गावाच्या उपयोगाची असतात. तू पर्जन्यमापकापासून सुरुवात कर. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घे, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसव, तळात सिमेंट ओतून सपाट कर, बाहेरून पट्टी चिकटव. पट्टीचा शून्य सिमेंटच्या पातळीवर आला पाहिजे, पोरं नेमकी तिथेच चुकतात. चुकू दे, पण नंतर दुरुस्त त्यांच्याच हातून करून घे. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १० लिटर. शाळेचं छप्पर ३० चौरस मीटरचं असेल तर ३०० लिटर. आपल्या दुष्काळी मुलखात हे गणित सहावीतल्या पोरीने ग्रामसभेत मांडलं, तर छपराला पन्हळ लावायला माणसं आपणहून पुढे येतील.

पुण्या-चाकणला नोकरीला असलेल्या गावच्या पोरांना केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ संकेतस्थळ दाखव. वस्तू किंवा स्वतःचा वेळ, दोन्ही तिथून सरकारी शाळेला देता येतं. वेळच माग. सुट्टीत आलेला फिटर दोन दिवस पोरांसोबत बसला तर फार शिकवून जातो.

पैसा कुणाच्या खिशात ठेवू नकोस, पाच रुपयांचीही पावती फाड, खातं मुख्याध्यापकांच्या आणि तुझ्या जोडसहीचं असू दे. हिशोब फळ्यावर लाव, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या की पुन्हा एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. ज्यांनी श्रमदान केलं, त्यांची नावं आधी घे.