काकांच्या हाताला बसेल तो चाकू

अगं, काकांच्या पंचाहत्तरीला घडीचा चाकू द्यायचं तुझ्या मनात आलं, हे मला फार आवडलं. नाहीतर या वयात माणसाला मिळतं काय, तर शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेला गणपती. त्यातलं श्रीफळ तेवढं कामी येतं, बाकी सगळं माळ्यावर.

पण तू पाठवलेले फोटो पाहिले आणि म्हटलं, हिला आत्ताच थांबवायला हवं. करवत, भिंग, माशाचे खवले काढायची पट्टी... काका सदाशिव पेठेत राहतात गं! त्या घरात मासा शिरला तर मावशी गोमूत्र शिंपडेल. इतकी अवजारं कोंबलेला चाकू खिशात ठेवला तर लेंगा एका बाजूने खाली येतो. चार दिवस कौतुक होतं, पाचव्या दिवशी तो कपाटात जातो आणि काका पुन्हा मावशीची सुरी शोधायला लागतात.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. दुकानातल्या काचेकडे नंतर बघ, आधी त्यांच्या हाताकडे बघ. हा हात दिवसभर काय कापतो आणि आता त्याला काय जमत नाही, एवढं कळलं की चाकू आपोआप ठरतो.

तुला त्या लाल स्विस चाकूचं आकर्षण आहे ना? मग त्याचीच गोष्ट ऐक. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला आणि 1891 मध्ये तिथल्या सैन्याला पहिले चाकू पुरवले. त्यात पातं होतं, भोक पाडायची आर होती, डबा फोडायची पट्टी होती आणि स्क्रू ड्रायव्हर होता. का, तर शिपायाला जेवणाचा डबा फोडायचा असे आणि बंदूक खोलून साफ करायची असे. म्हणजे आधी काम ठरलं, मग अवजार आलं. पुढे 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू निघाला, त्यात बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू आला. काकांकडे बंदूक नाही आणि बुचाची बाटलीही नाही. तो स्क्रू घट्ट बसलेल्या गाठी सोडवायला बरा पडतो हे खरं, पण त्यापेक्षा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर असलेलं मॉडेल घे. तसं मिळतं, 'टिंकर' नावाचं. रिमोटचा, नातवाच्या गाडीचा स्क्रू काकाच पिळत बसतात ना?

आता हाताचं. पुढच्या वेळी गेलीस की काही बोलू नकोस, नुसतं बघ. पेरू कापताना ते चाकू कसा धरतात? अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून मूठ आवळत नाहीत का? घडीच्या चाकूच्या पात्याला वरच्या बाजूला एक बारीक खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं ओढायचं असतं. तरुणपणी हे कळतही नाही. पण वय झालं की नखं पातळ होतात, चिरतात, आणि ती खाच म्हणजे रोजची कटकट होते. नखं तशी झाली असतील तर पात्याला भोक किंवा उंचवटा असलेला, अंगठ्याने ढकलून उघडणारा चाकू बघ.

मग कुलूप. साध्या घडीच्या चाकूत पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. पेरूच्या बियांत अडकून वेडावाकडा जोर पडला तर ते मिटून बोटावर येऊ शकतं. म्हणून हात थरथरत असेल तर पातं अडवणारं कुलूप हवं. पण त्यातही एक गोम आहे. काही कुलुपं सोडवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. ते काकांना नको. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं असतं, ते फिरवलं की पातं अडकतं. ही युक्ती 1955 मधली, आणि समजायला अगदी सोपी. मूठ बीच लाकडाची, हातात गार लागत नाही, वजनाला हलकी. एकच अडचण आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं बाहेर यायला कुरकुरतं. काका आषाढ-श्रावणात सिंहगडाला गेले, तर पाठपिशवीत भिजून आलेला चाकू रविवारी संध्याकाळी काकांना उघडेल का, हे बघून ठरव. शंका असली तर प्लॅस्टिकची मूठ घे.

काका रक्त पातळ करायची गोळी घेतात का, हेही मावशीला विचारून ठेव. घेत असतील तर साधी चीरही लवकर थांबत नाही. साखर असेल तर जखम भरायला वेळ लागतो. यासाठी बोथट चाकू देऊ नकोस मात्र. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. पातं धारदार हवं पण लहान, अडीच-तीन इंचाचं. पेरू, काकडी, सफरचंद, पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, एवढ्याला ते भरपूर झालं.

खरेदीला रविवार पेठेत बोहरी आळीत जा किंवा कॅम्पात, पण हातात घेतल्याशिवाय घेऊ नकोस. पातं अर्धं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघ, खुळखुळता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडालं पाहिजे, नाहीतर खिसा आणि बोट दोन्ही फाटतं. मुठीच्या कडेवरून बोट फिरव, कुठे खरखर लागली तर परत ठेव. पर्समधली जुनी पावती काढ, हवेत धर आणि वरून खाली काप. कागद सरळ कापला गेला तर ठीक, फाटत गेला तर धार नीट नाही. आणि रस्त्यावर चादर पसरून विकतात ते लाल मुठीचे 'स्विस' चाकू? ते इबाखला कधी गेलेले नसतात. स्प्रिंग महिनाभरात सैल होते.

पातं स्टेनलेसचंच घे. साध्या कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, पण लिंबू-कैरी कापली की काळे डाग आणि पुसायला विसरलं की गंज. पोराबाळांचं करून दमलेल्या माणसाला आता चाकूचं बाळंतपण कशाला? सांध्यात थेंबभर शिवणयंत्राचं तेल पुरे आणि फळ कापण्याआधी पातं पुसायचं. खोबरेल घालू देऊ नकोस, ते चिकट होऊन बसतं आणि त्यावर खिशातला सगळा कचरा गोळा होतो.

धारेचं तर नीटच ऐक. सायकलवर चाक फिरवत येतो तो धारवाला विळीला आणि कात्रीला ठीक आहे. या पातळ पात्याला त्याचं चाक फार झालं. ठिणग्या उडतात म्हणजे पातं तापतं, आणि तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. चाकूसोबत एक लहानसा सपाट दगड दे. दगड भिजवायचा, पातं साधारण 15 ते 20 अंशांवर तिरकं धरायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. दगड सापडत नसेल तर चिनीमातीचा कप उपडा कर. त्याच्या बुडाची जी चकाकी नसलेली खरबरीत कड असते, तिच्यावर हलक्या हाताने ओढलं तरी तात्पुरतं काम होतं. काकांना हे दाखव, मग बघ, घरातल्या सगळ्या सुऱ्या रांगेत लागतील.

कायद्याची भीती तुझ्या नवऱ्याने घातली असेल. शस्त्र नियमांतलं माप 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचं आहे आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पेरूचा चाकू त्यात बसत नाही. पण खटका दाबला की सटकन उघडणारा चाकू घेऊ नकोस. तो काकडीसाठी आहे हे चौकीत कुणाला पटणार नाही. आणि सणासुदीला, मोर्चाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात, त्यात चाकू बाळगायलाही मनाई करता येते. तेव्हा विसर्जन मिरवणुकीला जाताना चाकू घरी. विमानाने तुझ्याकडे येतील तेव्हा तो खिशात नको, हातातल्या पिशवीतही नको. चेक-इनच्या बॅगेत टाकायचा, नाहीतर लोहगावच्या विमानतळावर सोडून यावा लागेल.

मावशी एक आडकाठी घालेलच, की धारदार वस्तू भेट दिली की नातं तुटतं. वाद घालू नकोस. काकांकडून एक रुपया माग, म्हणजे ती भेट उरत नाही, विकत दिलेली वस्तू होते. त्यातूनही चांगला उपाय म्हणजे वाढदिवस पुढेमागे असेल तर खंडेनवमीला दे. त्या दिवशी तर मावशी विळी, कात्री, काकांचे पाने-पकड सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू वाहते. त्याच पाटावर हाही ठेव. पूजा झाल्यावर नातं तुटायची कुणाची बिशाद?

तू अडकित्त्याचंही विचारलं होतंस. हौस असेल तर काकांना घेऊन बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, माणसांच्या आकाराचे अडकित्ते बघून ते दुपारभर तिथून हलायचे नाहीत. पण विकत घेऊन देऊ नकोस. सुपारी कर्करोगाला कारण होते हे आता सिद्ध झालंय, आणि सुटलेली सवय आपण कशाला पुन्हा हातात द्यायची?

आता खरं सांगू? हे सगळं काकांचं काकांचं चाललंय, पण त्या घरात दिवसभर कापतं कोण? दुधाच्या पिशवीचा कोपरा, तोही पूर्ण वेगळा होऊ न देता, मावशी कापते. गोळ्यांची पट्टी, मसाल्याचं पाकीट, गजऱ्याचा दोरा, ब्लाउजची उसवलेली शिवण, हेही तिचंच. गोळी पट्टीतून दाबून काढताना तिची बोटं किती दुखतात ते तू कधी बघितलंयस? तिला चाकू नको, छोटी कात्री हवी. स्विस चाकूंमध्ये 58 मिलिमीटरचं 'क्लासिक' मिळतं, बोटाएवढं. त्यात लहानसं पातं, कात्री, नखाची कानस आणि चिमटा असतो. जुडग्यात किल्ल्यांबरोबर राहतं, पर्समध्ये हरवत नाही. आणि तिला हेही सांग, की त्या एल्सनरची आई 1909 मध्ये वारली तेव्हा त्याने तिचंच व्हिक्टोरिया हे नाव आपल्या चाकूंना दिलं. आजही त्या कंपनीच्या नावात ती आहे. मावशी हे सगळ्या भिशीला सांगत सुटेल.

म्हणजे एका महागड्या चाकूच्या पैशात दोन साधे घे, दोघांना दोन. किंमत विचारतीलच. निम्मी सांग आणि बिल तुझ्याकडेच ठेव. वॉरंटीला लागेल, शिवाय आकडा कळला की 'छान आहे, जपून ठेवू' म्हणून डबीसकट लॉकरजवळ जाईल. म्हणून डबी तिथल्या तिथे फोड, पेरू घे आणि पहिल्या फोडी त्यांच्यासमोर तूच काप. पात्याला एकदा रस लागला की ती वस्तू नवी राहत नाही, आणि आपल्या घरात कपाटात जातात त्या फक्त नव्या वस्तू.