जँगोखाली मोंगो घालण्याआधी

चि. सायलीस,

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा कॅटलॉग जँगोत करतेयस हे वाचून आनंद झाला. डेटाबेस मात्र मोंगोडीबी घ्यायचं म्हणतेस, म्हणून लगेच लिहिते आहे. तुझी अडचण खरी आहे. बेअरिंगला आतला-बाहेरचा व्यास लागतो, फिल्टरला मायक्रॉन, पट्ट्याला लांबी. सगळं एकाच टेबलात कोंबलं तर निम्मे रकाने रिकामे राहतील. पण तेवढ्यासाठी सगळा पाया बदलू नकोस.

जँगो 2005 साली जगासमोर आला. कॅन्सासमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या वेबसाइट चालवता चालवता तो घडला. नोंदींमधली नाती हा त्याचा कणाच आहे. वापरकर्ते आणि त्यांचे गट यांच्यामध्ये एक जोडटेबल असतं, परवानग्यांचा हिशोब त्यावर चालतो. अ‍ॅडमिनमध्ये एखादा विक्रेता पुसायला जा, त्याच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींची यादी समोर येते, तीही या नात्यांमुळेच. मोंगोत फॉरेन की सक्तीने पाळायला लावणारं कुणी नाही. विक्रेता गेला तरी त्याचा आयडी भागाच्या डॉक्युमेंटात तसाच राहू शकतो, आणि ते सांभाळणं तुझ्या कोडवर येतं.

जँगो आणि मोंगोचा सांधा जुळवायचे प्रयत्न जुने आहेत. जँगो-नॉनरेल ही वेगळी काढलेली शाखा होती. तिच्यात जॉइन नव्हते, आणि मूळ जँगो पुढे गेला तशी ती मागे पडली. जोंगोने एसक्यूएलचं मोंगोच्या क्वेरीत रूपांतर करून पाहिलं. 2025 मध्ये मोंगोडीबी कंपनीने स्वतःचा बॅकएंड आणला. मोंगो घ्यायचाच झाला तर हाच बघ. तरी प्रायमरी की तिथे 12 बाइटचा ऑब्जेक्टआयडी असते, आणि ती पूर्णांकच असणार असं धरून लिहिलेली पॅकेजं अडखळतात. अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन मोंगोत 2018 पासून आहेत, पण त्यासाठी रेप्लिका सेट उभा करावा लागतो. ऑर्डर आणि साठा एकत्र बदलायचा असेल तेव्हा हे लागेलच.

तू पोस्टग्रेस घे. विक्रेता, भाग, किंमत, ऑर्डर हे नेहमीच्या टेबलांत ठेव आणि भागागणिक बदलणारे गुणधर्म एका जेसनफील्डमध्ये. जँगो 3.1 पासून, म्हणजे 2020 पासून, हे फील्ड सगळ्या अधिकृत डेटाबेसांवर चालतं. पोस्टग्रेसवर ते जेसनबी स्वरूपात साठतं आणि त्यावर जिन इंडेक्स लावता येतो. इथे एक बारकावा सांभाळ: तो इंडेक्स 'कंटेन्स' लुकअपला उपयोगी पडतो. 'व्यास 25 ते 30' अशा शोधाला तो कामी येणार नाही, त्या गुणधर्मावर वेगळा एक्स्प्रेशन इंडेक्स करावा लागेल. जो गुणधर्म रोज शोधला जातो, त्याला सरळ स्वतःचा रकाना दे.

पुढे यंत्रांच्या सेन्सरची माहिती साठवायची वेळ आली आणि मोंगो खरंच लागला, तर तो पायमोंगोने थेट वापर, मॉडेलांच्या आड लपवू नकोस. लॉगिन आणि पैसे मात्र पोस्टग्रेसमध्येच राहू देत.

दुकानदार रोज कोणते शोध घेतात, त्यांची यादी काढून पाठव. रकाने आणि इंडेक्स त्यावरून ठरवू.

तुझी,
मावशी