विद्यार्थ्यांचा दिनक्रम आणि आरोग्य

शिष्यवृत्तीचा अर्ज हाती आला की आम्ही गुणपत्रिका पाहतो, पालकांचे उत्पन्न पाहतो. मुलगा जेवतो केव्हा नि निजतो केव्हा, हे मात्र आम्ही आजवर विचारले नाही. गेल्या वर्षी आमचा एक विद्यार्थी आजारी पडला, तेव्हा कळले की खानावळीचे एक वेळचे पैसे वाचवून तो धाकट्या बहिणीच्या फीसाठी घरी पाठवीत असे.

बडोद्यास तरी हा विसर शोभत नाही. प्रोफेसर माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा येथलीच. तीत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा चालविली.

आता मुलांचा दिनक्रम पाहा. सकाळी तास असतो म्हणून न्याहारी नाही, दुपारी सेव-उसळ, रात्री मोबाईल, आणि परीक्षा जवळ आली की चहावर चहा. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कपाचा अर्धा अंमल पहाटे तीनपर्यंत राहतो! मुळात जागरणाचा हिशेबच चुकीचा आहे. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. ती सात तासांहून कमी झाली की वाचनाचे कष्ट वाया जातात.

व्यायामास खर्च नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. विद्यापीठाशेजारच्या सयाजीबागेत सहा दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटे झपझप चालले की तेवढा भरतो. दोन दिवस दंडबैठका काढाव्यात. न्याहारीस भिजविलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, एखादे केळे. हे खोलीवरही जमते, चूल लागत नाही.

पण ज्याच्या खिशात खानावळीचे पैसे नाहीत त्यास आहारशास्त्र सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून यंदापासून दोन गोष्टी केल्या आहेत. शिष्यवृत्तीखेरीज दोन वेळच्या जेवणाची रक्कम परस्पर खानावळीत भरली जाईल. आणि अर्जात दोन प्रश्न वाढविले आहेत: काल रात्री किती वाजता निजलात? काल किती वेळा जेवलात? विद्यार्थ्यांनी उत्तरे खरी लिहावीत. त्यावरून कोणाची मदत कमी होणार नाही. झाली तर वाढेल.