केसांची जीवनकथा

मनुष्याचे तळहात, तळपाय आणि ओठ सोडले, तर जवळजवळ सर्व अंगावर केस असतात. काही ठिकाणी ते इतके सूक्ष्म असतात, की सहज दृष्टीस पडत नाहीत. केवळ डोक्यावरच सुमारे १ लक्ष केस असतात.

न्हाव्याने केस कापला, तर वेदना होत नाही. परंतु तोच केस उपटला, की कळ येते. असे का व्हावे? त्वचेच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. मनुष्याची नखे, गाईची शिंगे व घोड्याचे खूर यांतही याच प्रकारचे प्रथिन असते. केसाचे मूळ मात्र सजीव असते. ते त्वचेतील ज्या नळीसारख्या खळग्यात रुतलेले असते, त्यास केशकूप म्हणतात. केशकूपाभोवती ज्ञानतंतू असतात. म्हणून केस उपटताना वेदना होते. तेथेच एक लहानसा स्नायूही असतो. थंडीने किंवा भीतीने तो आकुंचन पावतो व केस उभा राहतो. यालाच ‘अंगावर काटा येणे’ म्हणतात.

केसाचे मूळ तळाशी कंदासारखे फुगलेले असते. सूक्ष्म रक्तवाहिन्या तेथे अन्नरस व प्राणवायू पोहोचवितात. त्यांच्या बळावर कंदातील पेशी झपाट्याने विभागतात. नव्या पेशी जुन्या पेशींना वर ढकलतात, आणि वर जाता जाता त्या जुन्या पेशी कठीण होऊन मरतात. अशा रीतीने केस शेंड्याकडून नव्हे, तर मुळाकडून वाढतो. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. कंदातीलच काही पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य पुरवितात. उतारवयात हा पुरवठा थांबला, की केस पांढरे होतात.

डोक्यावरील केस साधारणतः २ ते ६ वर्षे वाढतो. नंतर त्याचा कंद आक्रसतो, तो सुमारे ३ महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. पुढे त्याच केशकूपातून नवा केस उगवतो. सर्व केसांची विश्रांती एकाच वेळी येत नाही; म्हणून रोज ५० ते १०० केस गळूनही डोके उघडे पडत नाही.

जावळ काढल्याने केस दाट येतात, असा समज आहे. परंतु वस्तरा निर्जीव भागावरच फिरतो; मुळास त्याची वार्ताही नसते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन विदुषीने १९२८ साली दाढीच्या केसांचे मोजमाप करून दाखविले, की वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत व लवकर वाढतही नाहीत. केसांचे खरे पोषण रक्तातून, म्हणजेच आहारातून होते. डाळी, दूध, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त अन्न दीर्घकाळ न मिळालेल्या बालकाचे केस विरळ व निस्तेज होतात.

कर्करोगावरील काही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्या आघातातून केसांचे कंदही सुटत नाहीत, आणि रोग्याचे केस गळतात. उपचार संपल्यावर बहुधा ते पुन्हा उगवतात. म्हणून एखाद्या सोबत्याचे डोके केशहीन दिसले, तर त्यास हसणे योग्य नव्हे. त्याच्या शरीरात मोठा लढा चाललेला असेल, आणि त्या लढ्यात त्यास सोबत्यांच्या स्नेहाची गरज असते.

स्वाध्याय
१. केस कापताना वेदना का होत नाही?
२. रोज केस गळूनही डोके उघडे का पडत नाही?
३. जावळाविषयीचा समज चुकीचा का आहे, ते सकारण लिहा.